पत्रिकेच्या मजकुरासाठी पँगो: दोन हंगाम वापरल्यावर

राजारामपुरीत आमचं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. पत्रिका मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, कैरो ही चित्रं काढायची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून काढते. वेलबुट्टी, चौकटी कैरो झकास काढतं, पण मजकूर लिहायच्या त्याच्या साध्या ‘शो टेक्स्ट’ आज्ञेला ओळ मोडता येत नाही. मजकूर सरळ कडेबाहेर जातो. म्हणून आधी पायथनमधल्याच टेक्स्टरॅपनं ओळी पाडायचे. ते रुंदी मोजत नाही, चिन्हं मोजतं. ‘ज्येष्ठ’ डोळ्यांना 2 अक्षरं, त्याच्या हिशेबी 7! मग एक ओळ आखूड, दुसरी लांब. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असं वेडंवाकडं गिऱ्हाइकापुढं ठेवायचं अगदी जिवावर यायचं.

पँगो ही कैरोच्या जोडीला वापरायची, मजकूर मांडणारी लायब्ररी. ती खरी रुंदी मोजून ओळ मोडते. जोडाक्षरं पँगोला हार्फबझ ही दुसरी लायब्ररी जुळवून देते, ‘ज्योतिर्लिंग’मधला रफार बरोबर जागी बसतो. पँगोची ‘सेट जस्टिफाय’ ही सोय चालू केली की दोन्ही कडा सरळ, आणि परिच्छेदाची शेवटची ओळ उगाच ताणली जात नाही. नाद खुळा काम!

रुंदी मात्र नुसती पिक्सेलमध्ये देऊ नका. 1 पिक्सेल म्हणजे पँगोची 1024 एककं, म्हणजे 600 पिक्सेलला 614400. हे कळेपर्यंत माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

अरुंद चौकटीत एका ओळीत दोनच लांब शब्द बसले, तर मधे भगदाड पडतं. तिथं मी टाईप एक पॉइंट लहान करते. निमंत्रकांची नावं मधोमधच लावते, जस्टिफाय फक्त आग्रहाच्या निमंत्रणाला. शिवाय पँगो फुकट आहे.