कॅसिओ एफएक्स-८२एमएस : एसजीपीए काढायला कसा आहे?

बी.एस्सी.-बी.कॉम.च्या पोरांच्या दप्तरात हा कॅल्क्युलेटर सापडतो, पण त्याचा उपयोग साइन-कॉस आणि लॉगपुरताच होतो. एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटांची क्रेडिटच्या वजनाने काढलेली सरासरी, मात्र मोबाइलवरच्या फुकट अ‍ॅपवर काढतात. धारणी, भामरागडकडे रेंज गेली की त्या अ‍ॅपच्या जाहिराती तरी थांबतात, एवढाच फायदा.

अ‍ॅपमध्ये विषयाचे क्रेडिट (म्हणजे त्या विषयाचे वजन) भरायचे राहिले, की ते साधी सरासरी काढून मोकळे होते. ती बहुतेक वेळा फुगलेलीच येते, कारण प्रॅक्टिकलला ग्रेड चांगली मिळते आणि क्रेडिट कमी असतात. समजा सेमला २२ क्रेडिट आहेत. चार-चार क्रेडिटच्या तीन पेपरांत ग्रेड पॉइंट ७, ६, ५. तीन-तीनच्या दोन पेपरांत ८, ६. दोन-दोनच्या प्रॅक्टिकलांत १०, ९. साधी सरासरी ७.२९. खरा एसजीपीए काढताना प्रत्येक ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणून बेरीज घ्यायची, ती १५२; भागिले २२, म्हणजे ६.९१.

हेच काम ८२एमएसचा एसडी मोड (सांख्यिकीचा) एका दमात करतो. मोड दाबून २. मग शिफ्ट, मोड, १, बरोबरची (=) कळ, म्हणजे जुना डेटा पुसला जातो. ही पायरी गाळू नका, नाहीतर मागच्या सेमचे आकडे नव्यात मिसळतात. आता ७, शिफ्ट, स्वल्पविरामाची कळ, ४, एम प्लस. शिफ्टमुळे स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम उमटतो. त्याच्या आधी ग्रेड पॉइंट, नंतर क्रेडिट. असे सगळे विषय भरून झाले की शिफ्ट, २, १, बरोबर. पडद्यावर ६.९०९०… येईल.

खरी गंमत एम प्लसनंतर दिसणाऱ्या ‘एन’ची, म्हणजे तोवर भरलेल्या क्रेडिटच्या बेरजेची आहे. पहिल्या पेपरला तो ४ दाखवतो, दुसऱ्याला ८, शेवटी २२ यायलाच हवेत. १८ आले तर एक पेपर राहिला. बहुधा तो नापास झालेला असतो, मुद्दाम गाळलेला! एफ म्हणजे शून्य, पण त्याचे क्रेडिट भाजकात राहतातच. तिथे ०, अर्धविराम, ४ असेच भरायचे. एटीकेटी (राहिलेला विषय) निघाली की त्या सेमची नवी गुणपत्रिका घेऊन पुन्हा करा.

सीजीपीएला, म्हणजे सगळ्या सेमच्या एकत्रित सरासरीलाही हीच रीत. ग्रेड पॉइंटच्या जागी सेमचा एसजीपीए, क्रेडिटच्या जागी त्या सेमचे एकूण क्रेडिट.

पुढचे नियोजन मात्र यंत्र स्वतःहून करत नाही. चार सेमचे ८८ क्रेडिट, सीजीपीए ६.४०, आणि सहा सेमअखेर १३२ क्रेडिटवर ६.७५ हवा, तर मोड १ वर यायचे आणि (६.७५ × १३२ − ६.४० × ८८) ÷ ४४. उत्तर ७.४५, तेही दोन्ही सेमची सरासरी. उडी मोठी आहे. जोर कुठे लावायचा तेही क्रेडिटच सांगतात: २२ क्रेडिटच्या सेममध्ये चार क्रेडिटच्या पेपरात एक ग्रेड पॉइंट वाढला तर एसजीपीए ०.१८ ने वर जातो, दोनच्या प्रॅक्टिकलात जेमतेम ०.०९ ने.

टक्केवारीसाठी झेरॉक्सच्या दुकानावर सर्रास ९.५ ने गुणतात. तो आकडा सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या सीजीपीएचा, पदवीला लावायचा नाही. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीई, तिच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, ९.५ ने गुणले तर ६४ च्या वर जातात आणि अर्ज पडताळणीत अडकतो. अमरावती असो, नागपूर असो की गोंडवाना, आपल्या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमाला दिलेले सूत्रच धरा. गुणांवरून ग्रेड पॉइंट काढायचा तक्ताही तिथलाच.

घरी ९९१एमएस असेल तर वेगळा घेऊ नका, त्यात मोड दोनदा दाबून १. नवा घेताना दुकानातच ७ ला ४ आणि ६ ला २ भरून पाहा. एन ६ आणि सरासरी ६.६६६… आली, आणि अर्धविरामाची कळ एका दाबात लागली, तरच पैसे द्या.