झाडे ४१२, अहवालात १,८५०

चोपडा तालुक्यातील माझ्या शेतात बांधावर आणि नाल्याकाठच्या सव्वा एकरात साग व कडुनिंब मिळून ४१२ झाडे आहेत. हा आकडा अंदाजाचा नाही. २०१५ च्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी किती जगली, याची मी वही ठेवली आहे. गेल्या वर्षी ‘कार्बन क्रेडिटचे पैसे मिळवून देतो’ (झाडांनी हवेतून धरून ठेवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या बदल्यात मिळणारे, कारखान्यांना विकता येणारे प्रमाणपत्र म्हणजे कार्बन क्रेडिट) म्हणत एक एजंट गावात आला, तेव्हा ती वही मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उघडलीही नाही. त्याला सातबारा, आधार कार्डाची प्रत, मोजणी फीचे ४,५०० रुपये आणि तीन कोऱ्या फॉर्मवर सह्या हव्या होत्या. “आप्पा, पैसा तुमनाच शे,” हे मात्र तो चहा संपेपर्यंत चार वेळा म्हणाला.

केंद्र सरकारची २८ जून २०२३ ची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेची अधिसूचना त्याने मोबाइलवर दाखवली. अधिसूचना खरी आहे, आणि तिच्याच भरवशावर मी सह्या केल्या. आकड्यांची पडताळणी मान्यताप्राप्त स्वतंत्र संस्थेने करायची असते, ही गोष्ट त्याने गाळली होती.

झाडामागे वर्षाला एक क्रेडिट मिळेल, असे तो सांगत होता. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि त्याला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन निघते. म्हणजे ज्या झाडात सुके लाकूड १०० किलो भरेल, त्याने लावल्यापासून आजवर धरून ठेवलेला वायू जेमतेम १८३ किलो होतो. हा हिशेब मी त्याच दिवशी केला असता, तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

मोजणीला आलेल्या मुलाने टेप पिशवीतून काढलाच नाही. खोडाची जाडी जमिनीपासून साधारण १.३ मीटर उंचीवर मोजायची असते. त्याने फक्त अक्षांश-रेखांश उमटणारे फोटो काढले. सहा महिन्यांनी पुतण्याने पाठपुरावा करून अहवाल मिळवला. त्यात १,८५० झाडे होती, सगळ्यांचा घेर ६२ सेंटिमीटर होता आणि लागवडीचे साल २०२१ होते. ज्या कडुनिंबाला मी मोटारीच्या वायरसाठी खिळा ठोकला आहे, त्याचेच चार बाजूंनी काढलेले फोटो चार वेगळ्या झाडांचे म्हणून लावले होते. दुसरी मोजणी ज्या तारखेला झाल्याचे लिहिले होते, त्या दिवशी नाल्याला पूर होता आणि मला स्वतःलाही शेतात जाता आले नव्हते.

साल बदलण्याचे कारण मला नंतर उमगले. प्रकल्पामुळे जो जादा कार्बन धरला जातो त्याचेच क्रेडिट मिळते, आधीपासून उभ्या असलेल्या झाडांचे नाही. नकाशात शेजाऱ्याची केळीची बागही माझ्या हद्दीत ओढली होती. उपग्रहाच्या चित्रात ती हिरवीगार दिसते खरी, पण घड कापला की खोड आडवे होते आणि त्यातला कार्बन कुजून पुन्हा हवेत जातो.

फीचे पैसे बुडाले, ते एक वेळ सोडून देईन. पण कोणा कारखान्याने हे क्रेडिट घेऊन आपल्या धुराची वजाबाकी केली, तर तो धूर हवेतच राहणार आणि खोट्या टनांखाली सही माझी असणार. अशी क्रेडिट पुढे टिकतातच असेही नाही. व्हेरा या आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेने २०२४ मध्ये चीनमधील ३७ भातशेती प्रकल्प रद्द केले. शिवाय एकाच जमिनीची दोनदा मोजदाद चालत नसल्यामुळे, उद्या एखादा प्रामाणिक प्रकल्प आला तरी माझा गट नंबर त्याला अडकलेला दिसेल.

एजंटाचा फोन बंद आहे. संमती मागे घेतल्याचे पत्र मी त्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवले असून वहीच्या पानांच्या प्रती जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. कोऱ्या फॉर्मवर सही केलेली आणखी अकरा घरे गावात आहेत. त्यांपैकी तिघांनीच आतापर्यंत अहवालाची प्रत मागितली आहे. बाकीचे अजून पहिल्या हप्त्याची वाट पाहत आहेत.