खडीच्या पिकअपमध्ये मी असा फसलो

आमच्या अंगणातल्या फरश्या एका बाजूला खचल्या होत्या आणि पाऊस पडला की पाणी उंबऱ्यापाशी साचायचं. त्या पाण्यात बाबा घसरून पडले, तेव्हा ठरवलं की सगळं उकरायचं, खाली खडीचा थर द्यायचा आणि वर पेव्हर ब्लॉक बसवायचे. अंगण २० बाय १५, म्हणजे ३०० चौरस फूट. चार इंचांचा थर धरला तर १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. हा हिशेब मी कागदावर मांडला होता आणि तो बरोबर होता.

गल्लीत मोठी गाडी वळत नाही, म्हणून पिकअपवाला गाठला. "दादा, तीन खेपांत ब्रास पुरा करतो," तो म्हणाला. गाडीचा हौदा आठ बाय पाच फुटांचा. आतून दहा इंचांवर पांढरी रेघ मारलेली, तिथपर्यंत भरलं की ३३ घनफूट. मी लगेच मनात गुणाकार करून पाहिला, तो जुळला, आणि तिथेच माझा विश्वास बसला.

पहिली खेप आली. खडी रेघेच्या वर दिसत होती, मागच्या फाळक्याशी तर चांगला ढीग होता. बाबा काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "अरे, एवढी भरलेली गाडी, मग मागून बसली कशी नाही?" रिकामी पिकअप मागून उचललेली असते, माल पडला की पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात आणि ती सरळ होते. ही तशी झालीच नव्हती. मी म्हणालो, "बाबा, पाटे मजबूत असतील." हे वाक्य मला अजून टोचतं.

त्याचीच दोन माणसं घमेल्यांनी माल उतरवत होती, मी घरात-बाहेर करत होतो. दुसऱ्या खेपेनंतर त्याने डिझेलचं कारण सांगून सगळे पैसे मागितले. मी ते रोख दिले. तिसऱ्या खेपेला एक माणूस आला नाही, म्हणून हात लावायला मी स्वतः हौद्यात चढलो. खडी कमी झाली तसा पायाखाली पोकळ आवाज आला. ताडपत्री सरकवली, तर खाली आडव्या पट्ट्यांवर ठोकलेल्या फळ्या! खऱ्या तळापासून जवळजवळ चार इंच उंच.

"पत्रा घासतो ना दादा, म्हणून लाकूड टाकलंय," तो शांतपणे म्हणाला. वजनाची पावती मागितली, तर त्याने दाखवलेल्या पावतीवर फक्त भरलेल्या गाडीचं वजन होतं, रिकाम्या गाडीचं नव्हतंच. "एक खेप वर देतो, काळजी करू नका," म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. खडी अंगणभर पसरली तेव्हा थर जेमतेम अडीच इंच भरला. म्हणजे १०० च्या जागी साठ-बासष्ट घनफूट. आणि धुमस मारल्यावर थर आणखी दबतो, हे वेगळंच.

माल एकदा जमिनीवर पडला की भांडायला हातात काही उरत नाही. म्हणून जे करायचं ते गाडी भरलेली असतानाच. आधी ढीग सपाट करायला लावा. मग एक सळई चार-पाच ठिकाणी तळाला लागेपर्यंत खुपसा आणि खोली टेपने मोजा. फाळक्याची उंचीही आतून सळईने आणि बाहेरून हौद्याच्या तळापासून, अशी दोन्हीकडून घ्या. आतल्या आणि बाहेरच्या मापात फरक आला, तर मध्ये काहीतरी दडलेलं आहे. वजनकाट्यावर भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं त्याच दिवशी, त्याच गाडीची घ्या. सुकी खडी घनफुटाला साधारण ४२ ते ४५ किलो भरते, म्हणजे ३३ घनफुटांना दीड टनाच्या आसपास. कमी मिळेल या भीतीने गाडीच्या कागदावरच्या क्षमतेपेक्षा जास्त मात्र भरायला सांगू नका. ब्रेक लागत नाहीत, जीव जातो.

वाळू घेणार असाल तर आणखी एक. ओलसर वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलाव्यानेही ती पाव पटीने जास्त जागा अडवू शकते, त्यामुळे मापाने घेतली तर सुकी वाळू तुम्हाला कमीच मिळते. डबाभर ओलसर वाळू घ्या आणि तिच्यात पाणी भरा, ती खाली बसलेली डोळ्यांना दिसेल.

उरलेली खडी दुसऱ्या गाडीवाल्याकडून मागवली. मी सळई आणि टेप घेऊन उभा होतो. तो म्हणाला, "मोजा की, बिनधास्त मोजा," आणि स्वतःच ताडपत्री काढायला लागला. बाबा आधी मागच्या चाकापाशी गेले, वाकून पाटे किती दबलेत ते पाहिलं आणि मग मला म्हणाले, "आता चढ वर."