घरबसल्या क्विल्टेड बॅगा-जॅकेटं शिवायचं काम आणि माझे गेलेले ५७,२९० रुपये

एकूण दिले ५९,०९०, परत आले १,८००, म्हणजे निव्वळ गेले ५७,२९०. आकडा आधीच सांगून टाकते कारण घरी सासूबाईंना अजून "दहा-बारा हजार" एवढंच माहितीये, इथे तरी खोटं बोलायचं नाहीये.

आधी डिपॉझिट घेऊन घरी काम देणारे पुढे काय करतात हे सगळ्यांना माहिती असतं. मलाही होतं. पेन्सिल पॅकिंग, डेटा एन्ट्री, अगरबत्ती, असल्या जाहिराती बघून हसणारी बाई मी. पण मला बॅगा शिवायचं काम देणारे हे लोक पेन्सिली भरायला सांगत नव्हते ना! माझ्याच कामातलं बोलत होते. बटिंग (क्विल्टेड कापडाच्या दोन थरांमधला मऊ भर) किती जीएसएमचं म्हणजे किती वजनाचं वापरता, वॉकिंग फूट (जाड थर सरकू न देणारा मशीनचा पाय) आहे का, बायस पट्टी स्वतः कापता की रेडीमेड आणता, झिपला रनर कोणता घालता. असं विचारणारा माणूस फ्रॉड निघेल असं कुणाच्या मनात येईल, तुम्हीच सांगा.

मी पुण्यात राहते, खणाच्या आणि अजरखच्या क्विल्टेड बॅगा, स्लिंग, लॅपटॉप स्लीव्ह शिवते, प्रदर्शनात स्टॉल लावते. दिवाळीनंतर काम एकदम थंड होतं तेव्हाच बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज आला. एक्सपोर्टचा माल, कापड आणि पॅटर्न कंपनीचे, बॅगेला १८० आणि क्विल्टेड जॅकेटला ४५० शिलाई. महिन्याला लाख कमवा वगैरे काही नव्हतं त्यात. दर इतका बेताचा होता की खराच वाटला. आणि टाकला कुणी तर आमच्याच गटातल्या ताईंनी, त्यांनाही कुणीतरी फॉरवर्ड केलेला, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही, त्यांचेही गेलेत.

पहिलं डिपॉझिट ११,८००. म्हणजे १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००. आता इथेच थांबा आणि नीट वाचा. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी लागतच नाही. हे मला नंतर माझ्या दिराने सांगितलं, तो अकाउंट्समध्येच आहे, आधी विचारलं असतं तर तोंडावर हसला असता. पण जीएसटी लावला म्हणजे कंपनी पक्की, असंच वाटतं की नाही आपल्याला? पावतीवर जीएसटी नंबर छापलेला, उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. उद्यम नोंदणी फुकट असते, आपणच ऑनलाइन माहिती भरायची, ते सर्टिफिकेट असलं म्हणजे माणूस सज्जन असं काही नसतं. आणि जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. त्यांच्या पावतीवरचा नंतर मोजला तर १४ च भरले! पावतीवर ऑफिस दुसऱ्या राज्यातलं आणि नंबर सुरू होतोय २७ ने. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की फर्मचं नाव आणि पत्ता फुकट दिसतो, लॉगिनसुद्धा लागत नाही. पैसे टाकायच्या आधी एवढं कराच.

किट आलं. दहा टोट बॅगांचं कापड, कापलेले तुकडे, पॅटर्नची झेरॉक्स. शिवून पाठवलं आणि पार्सल पोचल्याच्या संध्याकाळीच १,८०० जमा. "मॅडम तुमचं फिनिशिंग तर एक्सपोर्टच्या वर आहे." खरं सांगते, एवढं कौतुक घरात कुणी केलं नव्हतं.

मग मोठी ऑर्डर. ५० बॅगा आणि ३० जॅकेटं, डिपॉझिट ३५,४००, परत तेच ३०,००० अधिक १८ टक्के. शिवाय पॅटर्न "परदेशी डिझायनरचा" म्हणून लायसन्स फी ४,५००. बटिंग, झिप, दोरा आपण घ्यायचा, बिल पाठवलं की परत देणार, ते मी बोहरी आळीतून आणलं ६,२४०. पाठवायचं कुरिअर १,१५०. पिना लावायला शेजारची मुलगी यायची, तिचे पैसे वेगळे दिले, ते या हिशोबात धरलेलेच नाहीत.

आता तो पॅटर्न. यावर मी रात्र-रात्र विचार केलाय.

ज्यांनी डाउनलोड केलेले पॅटर्न वापरलेत त्यांना माहितीये, पहिल्या पानावर कोपऱ्यात एक टेस्टचा चौकोन असतो, ५ सेमी नाहीतर एक इंच. प्रिंट काढली की आधी तो मोजायचा. प्रिंट शंभर टक्क्यांवर न काढता "फिट टू पेज" केली तर सगळा पॅटर्न लहान होतो, अमेरिकेतले पॅटर्न त्यांच्या लेटर साइजच्या कागदावर बसवलेले असतात, आपला ए-फोर त्यापेक्षा अरुंद, मग तर हमखास होतं. जॅकेटच्या पॅटर्नवर तो चौकोन होता. त्यावर ५ सेमी लिहिलेलं आणि माझी पट्टी ४.७ दाखवत होती. मी बघितलं! दोनदा पट्टी लावली, मग कापडी टेप लावला. तीन मिलिमीटर, किरकोळ वाटतं ना? पण ते सहा टक्के झाले. ४२ इंच छातीचं जॅकेट साडेएकोणचाळीसचं होतं.

त्याच कागदाच्या तळाला पांढरी पट्टी चिकटवून झेरॉक्स काढल्यासारखा भाग होता, जिथे डिझायनरचं नाव असतं तिथेच. खाली इंग्रजीत अर्धवट ओळ राहिलेली, फक्त वैयक्तिक वापरासाठी, अशा अर्थाची. साडेचार हजार रुपये कसल्या लायसन्सचे घेतले मग? मुलीने नंतर फोटोवरून शोधलं तर तोच पॅटर्न बाहेरच्या साइटवर आठ-दहा डॉलरला मिळतोय. पॅटर्नच्या पानावर डिझायनरच्या अटी असतात, शिवलेल्या वस्तू थोड्याफार विकायला काहीजणी परवानगी देतात, काही नाही देत, त्या वाचाव्यात, आणि लायसन्स म्हणून पैसे मागितले तर डिझायनरचं नाव मागावं. नाव सांगत नाहीत म्हणजे चोरीचा माल.

तरी मी फोन केला होता, हे लिहून ठेवा. गप्प बसले नव्हते. म्हणलं दादा, चौकोन कमी भरतोय, आणि तुकडेही नेमक्या मापाचे कापून आलेत, क्विल्टिंग केल्यावर कापड आकसतं, मग हे अजून कमी होणार. आपण नेहमी मोठा तुकडा घेऊन आधी क्विल्ट करतो आणि मग पॅटर्न ठेवून कापतो, हे तर शिकाऊ मुलीलाही माहिती असतं. तर तो काय म्हणाला, "मॅडम, तो एक्सपोर्टचा स्टँडर्ड आहे, त्यात आकसणं धरलेलंय. तुम्ही एक दोरासुद्धा इकडेतिकडे करू नका, नाहीतर रिजेक्ट होईल." आता यावर काय बोलणार! हातात स्टॅम्पपेपरवरचा करार, त्यात लिहिलेलं की कंपनीच्या पॅटर्नप्रमाणेच शिवायचं आणि ९५ टक्के माल पास झाला नाही तर डिपॉझिट जप्त. डिपॉझिट आधीच भरलेलं. टोटच्या वेळी मी स्वतःच्या अकलेने शिलाईचं मार्जिन कमी घेऊन माप जुळवलं होतं आणि ते पास झालं होतं, या वेळी त्यांनीच सांगितलं जुळवू नका. मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं, हे आता सगळेच सांगतात.

माल पोचला आणि तिसऱ्या दिवशी फोटो आले. माझंच जॅकेट, त्यावर टेप, छाती साडेएकोणचाळीसच्याही खाली. "साइज शॉर्ट, फुल लॉट रिजेक्ट." बॅगांच्या रुंदीचंही तेच. म्हणजे बघा कसं बसवलंय, नापास होणारा पॅटर्न तेच देणार, तसाच शिवा म्हणून तेच सांगणार आणि मापात बसत नाही म्हणून डिपॉझिट तेच खाणार. जॅकेटंही त्यांच्याकडे, पैसेही त्यांच्याकडे.

मी भांडले तर दोन दिवसांनी वकिलाची नोटीस, तीही व्हॉट्सॲपवर पीडीएफ. कंपनीचं नुकसान १८,५०० भरा, नाहीतर कोर्टात खेचू. रात्रभर झोप नाही, मिस्टरांना सांगायची सोय नाही. ही नोटीस सगळ्यांना पाठवतात, घाबरून पैसे टाकू नका, मी नाही टाकले. आमच्या गटातल्या एकीने टाकले आणि तिला लगेच दुसरी आली.

आता पोलीस. लिहिताना हात थरथरतात, भीतीने नाही.

स्टेशनला गेले, सगळे कागद फाइलला लावून, पॅटर्न आणि पट्टीसकट. साहेबांनी फाइल उघडलीच नाही. "ताई, तुम्ही माल शिवला, त्यांना आवडला नाही. यात फसवणूक कुठंय? हा दिवाणी मामला, वकील बघा." चौकोन दाखवायला गेले तर म्हणे हे शिवणकामाचं आम्हाला काय कळतंय. अहो मग खुनातलं तरी जन्मतः कळत होतं का? समजून घ्यायला पगार मिळतो ना? मग म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरला गेले तर तिथले म्हणे हा करार आहे, स्टॅम्पपेपर आहे, हे तुमच्या स्टेशनचं काम. परत स्टेशन. आता म्हणे आरोपी दुसऱ्या राज्यातला, आमची हद्द नाही. जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही स्टेशनला नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. मी हे बोलले तर समोरचा म्हणतो, "तुम्ही वकील आहात का?" नाही, मी बॅगा शिवते, पण वाचता येतं मला. आणि वर हे की लोकांचे पन्नास-पन्नास लाख जातात, तुमचे सत्तावन्न हजार घेऊन काय बसलात. माझ्यासाठी ते पन्नास लाखच आहेत, तीन प्रदर्शनांची कमाई आहे ती. शेवटी अर्ज घेतला, पोच द्या म्हणलं तर शिक्का सापडत नव्हता. शिक्का! मी तिथेच बाकावर बसून राहिले, मग सापडला. पोच घेतल्याशिवाय कुठूनही उठू नका.

बँकेत वेगळाच तमाशा. पिन तुम्हीच टाकलात ना, मग व्यवहार तुमच्या संमतीने झाला, आम्ही काही करू शकत नाही. अहो पिन मी टाकला म्हणजे तो चोर नाही का? खातं कुणाचं एवढं तरी बघा, तर तेही नाही. ते खातं कंपनीचं नव्हतंच, कुणा माणसाच्या नावाचं. यूपीआयवर पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर बँकेतलं नाव दिसतं, मलाही दिसलं होतं, विचारलं तर "आमच्या अकाउंटंटचं आहे मॅडम, कंपनीच्या खात्याला लिमिट लागलंय." यानंतर कुणी असं म्हणालं तर फोन ठेवून द्या, पुढचं ऐकूच नका. आणि ग्राहकांच्या तक्रारी घेतात अशा एका ठिकाणी गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या तुम्ही तर कमवायला गेला होतात, तुम्ही ग्राहक कशा. पोटापाण्यासाठी स्वतःच्या हाताने काम करायला काही विकत घेतलं तर तो माणूस ग्राहकच धरतात, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय, पॅटर्नचे साडेचार हजार तरी मी त्यांच्याकडून विकत घेतलं म्हणूनच दिले ना. त्यांना ते माहिती नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

ज्यांचे पैसे आत्ता, आजच गेलेत त्यांनी आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, रडत बसू नका, नवऱ्याला काय सांगू याचा विचार नंतर. पैसे कुठल्यातरी खात्यात असतील तोवरच गोठवता येतात, काढून घेतले की मिळणं अवघड. यूपीआयच्या प्रत्येक पेमेंटचा १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, लागतो, तो आधी लिहून घ्या. मी रिजेक्टचा मेसेज येईपर्यंत यांना कंपनीच समजत होते म्हणून उशीर झाला, त्याला मी काय करणार.

आणि जॉबवर्कमध्ये पैसे कुणी कुणाला द्यायचे असतात, एवढं डोक्यात ठेवा. मालक कापड देतो, सोबत मालाचं डिलिव्हरी चलन देतो, आपण शिलाई घेतो. कापड महाग आहे म्हणून भीती वाटत असेल तर त्याने पाच तुकडे द्यावेत, तेवढे झाले की पुढचे पाच. शिवायच्या आधी एक सँपल स्वतः शिवून त्यावर त्यांची सही आणि मापं लिहून घ्या. त्यांचा पॅटर्न असेल तर त्यावरही सही घ्या, चौकोनाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. माझ्याकडे तो फोटो आहे, फोनच्या आधीचा, तारखेसकट, त्याच्याच जिवावर मी अजून भांडतेय.

सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाकलेली तक्रार अजून "प्रक्रियेत" दिसते. परवा नवीन नंबरवरून मेसेज आला, रिजेक्ट झालेला माल परत हवा असेल तर हँडलिंग चार्ज २,४०० भरा, जीएसटी वेगळा.