पहिलं विमान: नावाजलेलं खोकं, बिननावाचं खोकं की घरचा फोम?

पाचोऱ्याहून एका वडिलांचा फोन आला. मुलगा नववीत, परीक्षा संपलेली, आणि त्याला रिमोटवर उडणारं विमान हवंय. फोनच्या आधीच त्यांनी मला तीन व्हिडिओ पाठवले होते. एकाच्या शीर्षकात 'पूर्ण सेट', दुसऱ्याच्या 'खेळणं नाही, खरं विमान', तिसऱ्याच्या 'फोम बोर्डचं विमान, एका दिवसात तयार'. तिन्हींमध्ये विमान उडताना दिसत होतं. पण घेणाऱ्याला जे आधी कळायला हवं, नेमकं तेच तिन्ही शीर्षकांतून गाळलेलं होतं.

खोक्यावरचं कंपनीचं नाव आणि व्हिडिओवरचं शीर्षक, दोन्ही एकच काम करतात: वस्तू हातात यायच्या आधी विश्वास बसवतात. म्हणून विमानांची तुलना करताना मी दोन्ही एकाच प्रश्नांनी तपासतो. वजन किती? खोक्याबाहेर आणखी काय घ्यावं लागेल? आणि पंख मोडला तर तो आपल्या गावात कसा मिळेल? तिसरा प्रश्न जळगाव-धुळ्याकडच्या माणसासाठी सगळ्यात मोठा, कारण पहिलं विमान मोडतंच.

आधी नावाजलेल्या खोक्याबद्दल. हॉबीझोन, ई-फ्लाइट, एफएमएस ही नावं या छंदात उगाच मोठी झालेली नाहीत. हॉबीझोनचं अप्रेंटिस घ्या. दीड मीटरचा पंख, आणि आत 'सेफ' नावाची प्रणाली. नवशिक्याच्या मोडमध्ये ती विमानाला ठरावीक मर्यादेपलीकडे कलू देत नाही, आणि घाबरून रिमोटच्या काड्या सोडल्या तरी विमान सरळ करते. हे खरंच काम करतं, मी स्वतः उडवून पाहिलंय. त्याच कंपनीचं एरोस्काउट १.१ मीटरचं, त्याचा पंखा मागच्या बाजूला. आपल्याकडे हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात विमान उतरवलं की पुढचं चाक काळ्या मातीच्या ढेकळाला अडतं आणि विमान नाकावर उलटतं. पंखा पुढे असला तर दर दोन उतरणींमागे एक पंखा तुटतो. मागे असला तर वाचतो.

नावाचे पैसे कशाला मोजायचे, तर प्रत्येक भागाला नंबर असतो: पंख वेगळा, शेपूट वेगळी, चाकांचा सांगाडा वेगळा. बिननावाच्या खोक्यात ही सोय नाही. पण नंबर असणं आणि भाग मिळणं यांत अंतर आहे. जळगावात जाऊन 'अमक्या विमानाचा डावा पंख द्या' म्हणता येत नाही. तो मुंबई-पुणे-बंगळुरूच्या हॉबी दुकानांत शिल्लक असेल तर कुरिअरने येतो, नसेल तर थांबायचं. परदेशातून थेट मागवायचा विचार असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्राची बंदी आहे, सुट्या भागांवर नाही, आणि रिमोटवरचं विमान सरकारी व्याख्येत त्याच कुटुंबातलं आहे. तेव्हा जे भारतात कुणाच्या दुकानात आत्ता पडलंय, तेच तुमच्यासाठी अस्तित्वात आहे असं धरा.

'पूर्ण सेट' या शब्दांतली मेख पण इथेच आहे. एकच विमान दोन-तीन प्रकारे विकलं जातं. 'आरटीएफ' म्हणजे रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं आत. 'बीएनएफ' म्हणजे विमानात रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) आहे, रिमोट तुमचा. 'पीएनपी' म्हणजे रिसीव्हरही तुमचाच. बीएनएफ बहुधा स्पेक्ट्रम कंपनीच्या डीएसएमएक्स या सिग्नल-पद्धतीवर चालतं, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असलेला फ्लायस्काय कंपनीचा रिमोट त्याच्याशी बोलत नाही. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पण भाषा वेगळ्या. चाळीसगावच्या माझ्या मित्राने 'पूर्ण सेट' हे शीर्षक वाचून विमान मागवलं. खोकं बीएनएफचं निघालं. दोन महिने ते कपाटावर पडून होतं, कारण सुसंगत रिमोटचा खर्च घरी सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. व्हिडिओ करणाऱ्याने शीर्षकात ती तीन अक्षरं लिहिली असती तर हे टळलं असतं. मला याचा राग येतो, अजूनही.

दुसरं, बिननावाचं खोकं. याबद्दल थोडक्यात सांगतो. ऑनलाइन स्वस्तात जी छोटी विमानं दिसतात, त्यांतली बरीचशी एकाच साच्यातून निघालेली असतात, खोक्यावरचं नाव तेवढं बदलतं. व्होलांटेक्सची ४०० मिलिमीटर पंखांची विमानं अशी दुसऱ्या नावांनीही विकली जातात, आणि ती वाईट नाहीत. तोल सांभाळणारा जायरो आहे, चार चॅनल (वेगवेगळ्या हालचालींचे चार ताबे) आहेत, शाळेच्या मैदानात सकाळी साडेसहाला छान उडतात. पण शीर्षकात मोठ्या कंपनीचं नाव 'सारखं' हा शब्द लावून किंवा तोही न लावता वापरलेलं असेल, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. ज्याने नावात फसवलं तो वजन आणि उड्डाणाचा वेळ खरा सांगेल, यावर मी विश्वास ठेवत नाही.

'३०० मीटर रेंज' हा शब्दही असाच. रिमोटचा सिग्नल जाईल तीनशे मीटर. पण अर्ध्या मीटरचा पंख दीडशे मीटरवर गेला की विमान आपल्याकडे येतंय की पलीकडे जातंय हे डोळ्याला कळत नाही, आणि कळलं नाही की विमान गेलं. आमचं एक असंच केळीच्या बागेत गेलं. उभ्या केळीत पांढरं विमान शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. फाल्गुन-चैत्रात दुपारचा वारा सुटला की शंभर ग्रॅमचं विमान कुठे नेईल याचा नेम नाही. आठ-दहा वर्षांच्या पोरासाठी हे खोकं चालेल. नववीतल्या मुलाला शिकायचंय, त्याच्यासाठी नको.

आता तिसरा रस्ता, घरी फोम कापून बनवण्याचा. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मी इथेच चुकलो आणि इथेच शिकलो.

फ्लाइट टेस्ट या अमेरिकन मंडळींनी फोम बोर्डच्या विमानांचे नकाशे मोफत देऊन जगभरातल्या पोरांवर मोठे उपकार केले आहेत. त्यांचे नकाशे ज्या बोर्डावर बेतलेले आहेत, तो तिकडच्या डॉलर ट्री दुकानांत मिळणारा, दोन्ही बाजूंनी कागद लावलेला हलका फोम. २० बाय ३० इंचांचा एक ताव सव्वाशे ग्रॅमच्या आत भरतो. आपल्याकडचे व्हिडिओ हेच नकाशे वापरतात आणि शीर्षकात लिहितात 'फोम बोर्ड'. मी ते वाचून फ्लेक्सच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या दादांना म्हटलं, पाच एमएम फोम बोर्ड द्या. त्यांनी दिला सनबोर्ड. तोही पाच एमएम, तोही पांढरा, हाताला गुळगुळीत. आठवडाभर बसून विमान बनवलं. घडी नीट, कोन नीट, पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे छोटे सर्व्हो नीट. पहाटे वावरात नेलं, मित्राने पळत जाऊन फेकलं, आणि मोटर पूर्ण जोरात असताना ते पंधरा-वीस फुटांवर नाकावर आलं. बांधावर उभा असलेला सालदार म्हणाला, "हाई इमान जड शे भो." त्याने ते उचललेलंही नव्हतं. नुसतं पडताना पाहिलं होतं.

घरी जाऊन किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं: दीड किलोच्या वर. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम, त्याच आकाराचा ताव पाऊण किलोच्या आसपास भरतो. माझ्या विमानावरची २२१२ आकाराची मोटर आणि साधा पंखा आठ-नऊशे ग्रॅम ओढतो. दीड किलोचं विमान त्यावर शिकाऊ हातात उडणारच नव्हतं. माझ्या हातात दोष नव्हता, मी घेतलेल्या शब्दात होता. दुसऱ्यांदा कागदी फोम बोर्ड स्टेशनरीच्या दुकानातून आणला, प्रोजेक्टसाठी पोरं नेतात तो, पण आधी वजन करून. एक मीटरचं विमान सव्वासहाशे ग्रॅममध्ये झालं आणि पहिल्याच फेकीत उडालं.

कंपनीचं नाव कुठे बघायचं आणि कुठे नाही, हेही याच विमानाने शिकवलं. फोमला नाव लागत नाही. पंख तुटला तर नकाशा पुन्हा ठेवायचा, कटर चालवायचा, संध्याकाळपर्यंत नवा पंख. पण रिमोट, बॅटरी आणि सर्व्हो नावाचेच घ्या. फ्लायस्कायचा एफएस-आय६ घेतला तर तो या विमानानंतरच्या चार विमानांना पुरतो, आणि केबलने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर सरावही होतो. तो आल्यावर आधी फेलसेफ लावा: सिग्नल तुटला तर मोटर बंद झालीच पाहिजे. सर्व्होत मात्र जपा. टॉवरप्रोच्या एसजी९० ची नक्कल इतकी झालीये की निळा डबा आणि स्टिकर पाहून काही ठरत नाही. 'ओरिजिनल' असं शीर्षकात लिहिलेल्या व्हिडिओवर तर नाहीच. जोडून काडी मध्यावर ठेवा. सर्व्हो किरकिरत राहिला किंवा दर वेळी वेगळ्या मध्यावर आला तर तो विमानात लावू नका. दोन जास्तीचे आणलेले असू द्या.

खान्देशच्या उन्हाचं कुठल्याच शीर्षकात येत नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद गाडीच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त. ग्लू गनचा गोंद तिथे मऊ पडतो. माझ्या एका विमानाचा पंख वावरात पोचेपर्यंत अंगापासून सुटला होता. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तर त्या उष्णतेत ठेवायचीच नाही, फुगते. विमान मागच्या सीटवर, ओल्या गमछाखाली. बॅटरी आपल्यासोबत पिशवीत.

जागेचं बोलून टाकतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठीच्या, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाची सरकारी मंजुरी) लागत नाही, पण जागा बघावीच लागते. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात उंची १२० मीटरपर्यंत, आणि चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत. जळगावचा विमानतळ, धुळ्याची गोंदूरची आणि शिरपूरजवळची तांड्याची धावपट्टी, भुसावळ-वरणगावचे आयुध कारखाने, दीपनगरचं वीज केंद्र: यांच्या आसपास राहणाऱ्याने आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा उघडावा. गोंदूर-तांड्याकडे शिकाऊ वैमानिक खाली उडत असतात. त्यांच्या वाटेत आपलं विमान नको म्हणजे नको.

व्हिडिओ निवडताना मी काय बघतो, तेही सांगतो. फेकण्याचा आणि उतरण्याचा क्षण कापलेला नसावा. वजन आणि बॅटरी सांगितलेली असावी. विमान कंपनीने फुकट दिलं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच तसा दंडक घातलाय. मीही व्हिडिओ टाकतो. आता माझी शीर्षकं अशी असतात: '१ मीटर, ६२५ ग्रॅम, कागदी फोम बोर्ड, थोडा वारा, तिसऱ्या उड्डाणात पंख तुटला'. बघणारे कमी येतात. पण जे येतात ते 'बोर्ड कुठून आणला' विचारतात, 'किती किमतीला' नाही.

तर पाचोऱ्याच्या वडिलांना मी असं सांगितलं. हातात पस्तीस-चाळीस हजार असतील, घरात कापाकापीची हौस नसेल, तर मागच्या पंख्याचं नावाजलेलं विमान घ्या, फक्त 'आरटीएफ' आणि जास्तीचा एक पंख त्याच दिवशी त्याच दुकानातून. दहा हजारांच्या आसपास बजेट असेल तर आधी फक्त रिमोट घ्या आणि मुलाला पंधरा दिवस सिम्युलेटरवर बसवा. तो कंटाळला तर रिमोट विकता येतो. नाही कंटाळला तर मोटर, बॅटरी, चार सर्व्हो मागवा आणि फोम त्याच्याच हाताने कापू द्या.

परवा त्यांनी फोटो पाठवला. स्टेशनरीच्या दुकानातला काटा, त्यावर आडवा धरलेला पांढरा ताव, आकडा १२१ ग्रॅम. खाली मुलाने लिहिलं होतं: काका, चार घेऊ की सहा?

सहा घे म्हटलं.