सोव्हिएत चित्रपटाचं तिकीट कानानं काढावं

जुन्या सोव्हिएत चित्रपटांचे खेळ लागले की यादी बघून माणूस गांगरतो. आयझेन्स्टाइन, तारकोव्हस्की, पाराजानोव्ह असे एकेक दिग्दर्शक, आणि प्रत्येक नावापुढे 'चुकवू नये'. त्यात मॉसफिल्म या मॉस्कोच्या स्टुडिओनं आपले कितीतरी चित्रपट सबटायटल्ससकट यूट्यूबवर फुकट ठेवलेत, मग थिएटरात पैसे का घालावेत? मी ध्वनिमुद्रणात आयुष्य काढलेली बाई, त्यामुळे माझा हिशेब सोपा आहे. घरच्या स्पीकरवर जो चित्रपट निम्मा होतो, त्याचंच तिकीट काढायचं. किती थोर आहे, हा प्रश्न नंतरचा.

या हिशेबानं पहिला नंबर एलेम क्लिमोव्हच्या 'कम अँड सी'चा (1985). काळ 1943, नाझींच्या ताब्यातलं बेलारूस. जंगलात बॉम्ब पडतात, फ्ल्योरा नावाच्या पोराला ऐकू येईनासं होतं, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. आवाज बोथट होतात, वर एक बारीक, चिवट शिटी राहते. घरी हात आपसूक रिमोटकडे जातो. थिएटरात ती पळवाट नाही, आणि चित्रपट नेमका त्यावरच उभा आहे. मुलांना अजिबात नेऊ नका. त्याच दिवशी दुसरा खेळही बघू नका, त्या दुसऱ्यावर अन्याय होतो.

तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' (1979) संथ आहे, हे खरंच. अर्ध्यातून उठून जाणारी माणसं असतातच, त्यांना दोष देणार नाही. पण 'झोन' नावाच्या निषिद्ध प्रदेशाकडे नेणारी ती रुळांवरची ट्रॉली! तीन माणसांची डोकी, मागं सरकणारा परिसर आणि चाकांची खडखड. ती खडखड हळूहळू एदुआर्द आर्तेम्येव्हच्या इलेक्ट्रॉनिक सुरांत मिसळत जाते. नेमकी कुठं मिसळली हे मी धंद्यातली असून मला दाखवता येत नाही. लॅपटॉपवर ही जागा नुसती लांबलेली वाटते. मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा आहे, म्हणून नाक मुरडू नका. पुढे एका डीव्हीडीसाठी त्याचं फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचं ध्वनिमिश्रण करताना मुळात नसलेले आवाज घातले गेले. मोनो लागणार असेल तर उलट आनंदानं जा.

एका मध्ययुगीन रशियन चित्रकारावरचा, तारकोव्हस्कीचाच 'आंद्रेई रुब्लेव्ह' 1966 साली तयार झाला, पण सोव्हिएत प्रेक्षकांना तो 1971पर्यंत दाखवलाच नाही. तीन तास लागतात. शेवटचं घंटेचं प्रकरण मात्र भरल्या सभागृहात ऐकायचं. घंटा ओतणाऱ्याचा पोरगा थाप मारून काम मिळवतो, आणि आता ती वाजणार की नाही यावर त्याचा जीव टांगलेला. लोलक झुलू लागतो तेव्हा थिएटरात कुणी पॉपकॉर्न चघळत नाही.

आयझेन्स्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की'बद्दल (1938) माझं मत लोकांना आवडत नाही. प्रोकोफिएव्हचं संगीत अफाट, ध्वनिमुद्रण मात्र अगदी किरटं. पडद्यासमोर जिवंत वाद्यवृंद बसणार असेल तर हवं तेवढं महाग तिकीट काढा. नुसता चित्रपट असेल तर घरी बघा.

माझा नियम मोडतो तो 'द क्रेन्स आर फ्लाइंग'पाशी (1957). तिथं डोळ्यांचंच काम. वेरोनिका बसमधून उतरते, निरोपाच्या गर्दीतून वाट काढते, उरुसेव्हस्कीचा कॅमेरा तिच्या खांद्याला खांदा लावून जातो आणि एकाएकी वर उचलला जातो. खाली रणगाड्यांच्या रांगेतून ती एवढीशी धावत असते, आणि मध्ये कुठेही कट नाही. सहावी-सातवी रांग घ्या. कालातोझोव्हच्या या चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पाम द'ओर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ते उगीच नाही.

मूकपटांच्या बाबतीत आधी फोन करून विचारा, संगीत कोण वाजवणार? 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'ची (1929) सुरुवातच रिकाम्या थिएटरात होते, खुर्च्या आपणहून उघडतात, प्रेक्षक येतात, वाद्यवृंद सज्ज होतो. हे बघताना आपल्यासमोर खरा वाजवणारा असला तर मजा काही औरच. आयझेन्स्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'लाही तेच लागू.

'मॉस्को डझ नॉट बिलीव्ह इन टिअर्स' (1980) मला फार प्रिय, पण तो सोफ्यावर, चहा घेत, मध्ये थांबवून बोलत बघण्याचा चित्रपट आहे.

राहिला बोंदार्चुकचा 'वॉर अँड पीस'. चार भाग, सात तासांहून जास्त, सत्तर एमएमवर चित्रित आणि सहा ट्रॅकचा ध्वनी. सत्तर एमएमची प्रिंट येणार असं कळलं तर बाकीची यादी बाजूला ठेवा. चारही भाग एका दिवसात दाखवणार असतील तर मात्र पहिले दोनच घ्या आणि उरलेले दुसऱ्या खेपेला. नेपोलियनशी झालेली बोरोदिनोची लढाई तिसऱ्या भागात येते, आणि ती थकलेल्या कानांनी ऐकायची गोष्ट नाही.