हार्थस्टोन की मॅजिक अरीना: सवडीने खेळणाऱ्यांसाठी काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हार्थस्टोन आणि मॅजिक अरीना हे दोन्ही पत्त्यांचे खेळ फुकट डाउनलोड होतात, दोन्ही फोनवर आणि कॉम्प्युटरवर चालतात. दोन्हींत ड्रॅगन, चेटकीण, सांगाड्यांचं सैन्य आणि आगीचे गोळे आहेत. म्हणून बरेच जण म्हणतात, कुठलाही एक घ्या, सारखेच आहेत. गेल्या पावसाळ्यापासून मी दोन्ही आलटून-पालटून खेळतेय, आणि मला हे अजिबात पटत नाही. समोरच्याची पाळी चालू असताना तुम्ही काय करत असता, इथे हे दोन खेळ पार वेगळे होतात. आपल्याला कोणता रमवेल हेही त्यावरूनच ठरतं.

आधी हार्थस्टोन. ब्लिझार्डने हा 2014 मध्ये आणला, वॉरक्राफ्टच्या दुनियेतली पात्रं घेऊन. तीस पानांचा कॅट आणि तीस प्राण. पान खेळायला लागणारा माना दर पाळीला आपोआप एकाने वाढतो, दहापर्यंत. त्याची चिंताच नाही. पहिल्या पाळीला एक, सातव्या पाळीला सात, दोघांनाही सारखा. ज्याची पाळी नंतर येते त्याला एक पान जास्त आणि वर एक नाणं मिळतं. ते नाणं एका पाळीपुरता एक माना जास्त देतं. आपली पाळी आली की मैदान पूर्णपणे आपलं असतं. आपला योद्धा समोरच्या कुठल्या योद्ध्यावर किंवा थेट नायकावर सोडायचा, ते हल्ला करणारा ठरवतो. वाटेत 'टॉन्ट'वाला, म्हणजे बाकीच्यांना आडोसा देणारा योद्धा उभा असेल तर मात्र आधी त्याला पाडावं लागतं. समोरच्याची पाळी असताना आपण फक्त बघतो. 'सीक्रेट' नावाची काही पानं आधी झाकून ठेवता येतात, पण तीही ठरलेली गोष्ट घडली की आपोआप उघडतात.

दिवसभराच्या कामानंतर हे फार बरं वाटतं. पाळीला साधारण सव्वा मिनिट मिळतं, वेळ संपत आली की पडद्यावर दोरी जळायला लागते. डाव बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत-बाहेर संपतो. कुकरच्या शिट्ट्या मोजत खेळलं तरी डाव हातचा जात नाही, कारण समोरचा खेळत असताना नजर हटली तरी चालतं.

मॅजिक: द गॅदरिंग मुळात 1993 चा, रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला कागदी पत्त्यांचा खेळ. अरीना हे त्याचं डिजिटल रूप, फोनवर 2021 मध्ये आलं. कॅट किमान साठ पानांचा, प्राण वीस. यात माना आपोआप येत नाही, 'लँड' नावाची पानं कॅटमध्येच घालावी लागतात. जंगल हिरवा माना देतं, बेट (आयलंड) निळा, डोंगर लाल, मैदान पांढरा आणि दलदल काळा. हल्ला प्रतिस्पर्ध्यावर होतो, त्याच्या योद्ध्यांवर नाही. कोणाला कोणी अडवायचं हे बचाव करणारा ठरवतो.

या एका नियमाने सगळा खेळ बदलतो. हल्ला केलेला योद्धा टॅप होतो, म्हणजे वापरलेला ठरतो, आणि समोरच्याच्या पुढच्या हल्ल्यात तो अडवायला उपलब्ध नसतो. प्रत्येक हल्ल्याआधी विचार करावा लागतो: हा गेला तर घर कोण सांभाळणार? शिवाय 'इन्स्टंट' पानं कोणाच्याही पाळीत टाकता येतात. माझा दहावीतला भाचा शेजारी बसला होता तेव्हाची गोष्ट. मी सहा मानाचा ड्रॅगन उतरवायला बोट लावलं आणि तो म्हणाला, "मावशी, थांब. त्याची दोन आयलंड अजून टॅप नाहीत." समोरच्याने दोन निळे माना राखून ठेवले होते, म्हणजे माझं पान हवेतच रद्द करणारं काउंटर त्याच्या हातात असू शकत होतं. मग आधी एक साधं पान पुढे करून त्याच्याकडून ते काउंटर काढून घेतलं आणि पुढच्या पाळीला ड्रॅगन उतरवला. मेंढीकोटमध्ये हुकूम कोणाकडे उरलाय याचा अंदाज घेत उतारी करतो ना, तीच मजा इथे दर पाळीला आहे. हातात काहीच नसताना मुद्दाम दोन लँड मोकळे ठेवून समोरच्याला घाबरवताही येतं. हार्थस्टोनमध्ये मला हे कधीच मिळालं नाही, आणि याच कारणासाठी मी मॅजिकला वरचं स्थान देते.

आता नशिबाबद्दल, कारण नवी माणसं इथेच वैतागून खेळ सोडतात. साठ पानांत चोवीस लँड घातले तर पहिल्या सात पानांत एकही लँड नसणं किंवा एकच असणं, असं साधारण सातांपैकी एकदा होतं. हात परत पिसून घेता येतो, पण त्याबदल्यात एक पान तळाला ठेवावं लागतं. एकाच डावाच्या सामन्यात अरीना एकाहून जास्त हात तपासून त्यातला बऱ्यापैकी समतोल हात देतो, त्यामुळे त्रास कमी होतो, संपत नाही. उलट, लँडच लँड येत राहिले तर नुसतं बसून हरावं लागतं. असा डाव खरोखर कंटाळवाणा असतो.

हार्थस्टोनमध्ये माना पक्का, पण नशीब पानांच्या मजकुरात दडलेलं असतं: कुठलंतरी एक पान मिळेल, कोणावरतरी मार बसेल. 'डिस्कव्हर'मध्ये तीन पानांतून एक निवडायला मिळतं, ते मला आवडतं, कारण तिथे निवड माझी असते. पण जिंकत आलेला डाव समोरच्याला आयत्या मिळालेल्या पानाने फिरतो तेव्हा त्यातून शिकण्यासारखं काही उरत नाही. मॅजिकमध्ये हरलेल्या बऱ्याच डावांत मी बोट ठेवून सांगू शकते की अमक्या पाळीला त्याला अडवायला हवं होतं.

पैशांचं गणित दोन्हींत सारखं नाही. हार्थस्टोनमध्ये नको असलेली पानं मोडून धूळ मिळते. एक लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ दर्जाचं पान मोडलं की 400, आणि हवं ते लेजंडरी बनवायला 1600. चार मोडा तेव्हा एक. पण एका कॅटमध्ये कुठलंही लेजंडरी एकच चालतं, बाकीची पानं दोन-दोन. मॅजिकमध्ये मोडण्याची सोय नाही. वाइल्डकार्ड मिळतात आणि त्या दर्जाचं कुठलंही पान त्याने घेता येतं. हे सुटसुटीत आहे, पण एकाच पानाच्या चार प्रती लागतात तेव्हा दुर्मीळ वाइल्डकार्ड भराभर संपतात. दुसऱ्या बाजूने, मॅजिकच्या स्टँडर्ड प्रकारात, म्हणजे जिथे फक्त अलीकडच्या संचांतली पानं चालतात तिथे, पान साधारण तीन वर्षांपर्यंत चालतं, हार्थस्टोनमध्ये एक ते दोन वर्षं. जो मधूनच महिना-दोन महिने गायब होतो त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. हार्थस्टोनचा कोअर संच मात्र फुकट असतो आणि त्याच्या जोरावर निवांत खेळता येतं.

आणि बॅटलग्राउंड्स! हार्थस्टोनच्या आतला हा आठ जणांचा खेळ 2019 मध्ये आला. यात पानं जमवायचीच नसतात. बॉबच्या खानावळीतून दर फेरीला योद्धे विकत घ्यायचे, ओळीत लावायचे, आणि लढाई आपोआप होते. पहिल्या चारांत आलं की जिंकल्यासारखंच. पैसे अजिबात न घालता बरोबरीने खेळायचं असेल तर माझ्या मते याहून चांगलं या दोन्ही ॲपमध्ये काही नाही. फक्त डावाला वीसेक मिनिटं सलग हाताशी ठेवा.

फोनवर वाचायला हार्थस्टोन कितीतरी सोपा. पानं मोठी, मजकूर छोटा. अरीनात मैदान भरलं की अक्षरं बारीक होतात आणि पान दाबून मोठं करून वाचावं लागतं. मराठी किंवा हिंदी दोन्हींत नाही, त्यामुळे लहान मुलांबरोबर खेळताना पहिले काही दिवस मजकूर वाचून दाखवायची तयारी ठेवा. गप्पा मारायची सोय प्रतिस्पर्ध्याशी नाही, ठरावीक वाक्यंच पाठवता येतात, आणि तीही बंद करता येतात. मुलांच्या दृष्टीने मला हे फार योग्य वाटतं.

अर्धा तास निवांत मिळत असेल आणि डोकं ताजं असेल तर अरीना घ्या. थकून आलेल्या संध्याकाळी हार्थस्टोन. अरीनात शिरल्यावर आधी पाच रंगांची ओळख करून देणारे सराव-डाव पूर्ण करा. मग एक हजार सोन्याची नाणी जमली की पॅक विकत घेण्याऐवजी 'जंप इन' खेळा. त्यात आवडीचे दोन विषय निवडायचे, प्रत्येकी वीस पानं, ती एकत्र करून चाळीस पानांचा तयार कॅट मिळतो, आणि ती पानं कायमची आपली होतात. हिरवा आणि लाल रंग आधी घ्या. त्यात योद्धे मोठे असतात आणि अडवायचं कधी, सोडायचं कधी, हे लवकर हातात बसतं. निळ्याकडे नंतर वळा.